खाडीचं पाणी खोटी साक्ष देतं तेव्हा

किनाऱ्यावरच्या वाचकांनी विज्ञानकथा लिहिताना पडलेले प्रश्न पाठवले होते. त्यांतले पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या कथेतली मुलगी खाडीचं बाटलीभर पाणी यंत्रात घालते आणि तिथे राहणाऱ्या माशांची यादी मिळते. 30 वर्षांपूर्वी दिसेनासा झालेला एक मासा त्या यादीत निघतो. असं यंत्र शक्य आहे का? (हर्णै)

उत्तर : यंत्र आजच आहे. तुम्ही कथा यादीशी संपवली आहे. आमच्या मते ती यादीपाशी सुरू होते.

मासा पोहताना अंगावरचा बुळबुळीत स्राव, कातडीचे कण, विष्ठा पाण्यात सोडत राहतो. त्यातला डीएनए गाळून घ्यायचा आणि वाचायचा, एवढीच मूळ कल्पना. संशोधक त्याला ‘ई-डीएनए’ म्हणतात. तुमच्या मुलीला काय काय करावं लागेल ते पाहा. बाटल्या आदल्या दिवशी ब्लीचच्या पाण्याने धुवून स्वच्छ खंगाळायच्या. एका जागी एकेक लिटरच्या 3 बाटल्या भरायच्या, प्रत्येक जागी हातमोजे नवे. चौथी बाटली घरूनच शुद्ध पाण्याने भरून न्यायची, होडीत तिचं झाकण क्षणभर उघडून लावायचं आणि तीही बाकीच्यांसारखीच गाळायची. या चौथ्या बाटलीत मासा निघाला, तर तो खाडीतला नव्हे. हातावरून, होडीतून किंवा प्रयोगशाळेतून आलेला.

गाळण्याच्या चकतीची छिद्रं 0.45 मायक्रॉनची. खाडीचं पाणी गढूळ, त्यामुळे दोन-तीनशे मिलिलिटर गेलं की चकती चोंदते, हातपंप जड होतो, चकती बदलावी लागते. 3 बाटल्या गाळेपर्यंत ओहोटी लागून होडी चिखलात बसू शकते. (हा प्रसंग सोडू नका.) गाळलेली चकती अल्कोहोलमध्ये बुडवून बर्फावर ठेवायची. पुढे पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेच्या, 35 ते 40 फेऱ्यांत ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवायच्या. माशांसाठी ‘12 एस’ जनुकातला साधारण 170 अक्षरांचा तुकडा घेतात. वाचनाचं काम मुठीत मावणारं मिनआयन हे यंत्रही करतं: अतिसूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा सरकतो आणि विजेचा प्रवाह कसा बदलतो त्यावरून अक्षरं ओळखली जातात. वाचलेला तुकडा आधी नोंदवलेल्या संग्रहाशी जुळवला, की नाव मिळतं.

आता हे यंत्र काय सांगू शकत नाही ते बघा, कारण तुमची कथा तिथे आहे. मासा जिवंत की मेलेला, लहान की मोठा, एक की हजार, यातलं काही नक्की कळत नाही. माशांसाठीचे प्रायमर (कुठल्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) वापरले, तर कुर्ल्या म्हणजे खेकडे आणि तिसऱ्या म्हणजे शिंपले यादीत येणारच नाहीत. संग्रहात नसलेला मासा त्याच्या जवळच्या नातेवाइकाच्या नावाने निघू शकतो. आणि बंदर जवळ असेल तर यादीवर विश्वासच ठेवता येत नाही. लिलावानंतर टोपल्या धुतात, बर्फाचं पाणी सोडतात, मासळी साफ केलेला कचरा पाण्यात जातो. भर समुद्रात पकडलेली सुरमई मग ‘खाडीत राहणारी’ म्हणून नोंदली जाते. समुद्राच्या पाण्यात हा डीएनए काही तासांपासून काही दिवसांत मोडतो, पण भरती तेवढ्या वेळात त्याला आत ओढून आणते. तळाच्या गाळात तो जास्त टिकतो. गाळ ढवळला गेला तर जुनी साक्षही वर येते.

म्हणजे तुमच्या मुलीसमोर चार संशयित आहेत: बंदराचं धुण्याचं पाणी, दूषित बाटली, संग्रहातली चूक आणि ढवळलेला गाळ. ती बंदरापासून वर, खाडीच्या आतल्या भागात जाईल. ओहोटीच्या शेवटी पाणी घेईल. दुसऱ्या जनुकाचा तुकडा वाचून पाहील. चारही संशयित सुटले, तरच तो मासा आहे असं म्हणता येईल. वाचकालाही तोवर श्वास रोखून ठेवता येईल.

प्रश्न : 2060 साली रत्नागिरी शहर पाण्याखाली गेलेलं दाखवलं आहे. चालेल का? (अलिबाग)

उत्तर : चालणार नाही. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या सहाव्या अहवालानुसार 2100 पर्यंत समुद्राची जागतिक सरासरी पातळी, उत्सर्जन किती होतं त्यावर अवलंबून, साधारण 0.28 ते 1.01 मीटर वाढण्याची शक्यता आहे. जांभ्याच्या कड्यांवर बसलेलं गाव त्याने बुडत नाही. पण बुडण्याच्या कितीतरी आधी घरात समुद्र शिरतो, तो विहिरीतून.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून पुळणीच्या वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटा फिरला तर भयंकर आहे: उपशाने वरची पातळी हातभर उतरली, की कालांतराने खालचं खारं पाणी चाळीस हात वर सरकू पाहतं. समुद्र वर येणं आणि पंप लावणं, दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा. जांभ्यात पाणी भेगांमधून जातं, तिथे हा हिशेब सरळ लागू होत नाही. शेजारच्या दोन विहिरींपैकी एक खारट आणि एक गोडी, असंही घडतं. भाऊबंदकीच्या कथेला याहून चांगली जमीन कुठे मिळणार?

दृश्यं घरातली घ्या. डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. आगरातल्या पोफळी आधी पिवळ्या पडतात, माड बराच काळ तग धरतो. सासूबाई चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवतात आणि काही बोलत नाहीत.

आणखी एक. तुमच्या कथेत अष्टमीच्या दुपारी बारा वाजता उधाणाची भरती आहे. किनाऱ्यावरचा वाचक तिथेच पान मिटेल. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीचा ठोकळ तास मिळतो: अष्टमीला सहा, म्हणजे बाराला ओहोटी, शिवाय अष्टमीला भांग म्हणजे सौम्य भरती असते, उधाण नव्हे. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण सहा तासांचा नाही. बांध फोडायचा असेल तर अमावस्या किंवा पौर्णिमा घ्या आणि जोडीला नैर्ऋत्येचा वारा द्या.

प्रश्न : मालवणातली आई आणि मंगळावरचा मुलगा क्वांटम गुंतागुंतीच्या (दूरच्या दोन कणांतल्या अदृश्य जोडणीच्या) फोनवर तत्क्षणी बोलतात. चालेल का? (मालवण)

उत्तर : गुंतलेल्या कणांची मोजमापं एकमेकांशी जुळतात, पण प्रत्येक टोकाला मिळणारं उत्तर यादृच्छिकच असतं. जुळणी कळायला साधा निरोप पाठवावा लागतो आणि तो प्रकाशाच्या वेगानेच जातो. मंगळापर्यंत एका बाजूने सुमारे 3 ते 22 मिनिटं. तो फोन काढून टाका. आईने ‘जेवलास काय रे?’ विचारावं आणि उत्तर यायला पाऊण तास लागावा. तुमच्या कथेत जो जिव्हाळा आहे तो या उशिरात जास्त उमटेल.

प्रश्न : जनुक बदललेलं भात खाऱ्या पाण्यात वाढतं आणि खारभूमीचं गाव श्रीमंत होतं. यात संघर्ष कुठून आणू? (दापोली)

उत्तर : आधी वस्तुस्थिती. भारताने मे 2025 मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला ‘पुसा डीएसटी राइस 1’ क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी आहे. त्यात भाताचंच एक जनुक, जे हा सोसण्याचा गुण दाबून ठेवतं, ते क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने निकामी केलं आहे. हे एका रात्रीत होत नाही. पेशींचा गोळा वाढवायचा, त्यातून रोपं काढायची, कात्रीचं काम करणारं बाहेरचं जनुक पुढच्या पिढीत वेगळं करून टाकायचं, मग शेतात चाचण्या. पावसावरच्या खारजमिनीत पीक वर्षातून एकदाच, त्यामुळे तिथल्या चाचणीच्या प्रत्येक फेरीला एक वर्ष. तुमच्या कथेचा काळ महिन्यांऐवजी वर्षांत मोजा.

संघर्ष वाणात शोधू नका, बांधावर शोधा. क्षार सोसणारं भात म्हणजे समुद्रात उभं राहणारं भात नव्हे. रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात भात सर्वांत नाजूक असतं. खारजमिनीत जून-जुलैचा पाऊस मीठ धुऊन काढतो, मगच लावणी होते, आणि ते पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ओहोटीला बाहेर सोडावं लागतं. खेकडे बांधात बिळं करतात. बिळं वेळेवर बुजवली नाहीत तर उधाण त्यातूनच वाट काढतं. बांधबंदिस्ती हे सगळ्या गावाने मिळून करायचं काम. आता नवं बियाणं आलं, ‘थोडं खारं पाणी आलं तर काय बिघडतं’ असं एकेक घर म्हणू लागलं, माती टाकायला माणसं येईनाशी झाली. पहिली 4 वर्षं पीक उत्तम येतं. पाचव्या वर्षी, ऐन फुलोऱ्यात, पौर्णिमेला बांध जातो. बियाण्यात काही दोष नव्हता, ही या कथेतली खरी वेदना आहे आणि ती कुणाला खलनायक न करता लिहिता येते.

प्रश्न : विजयदुर्गच्या शाळकरी मुलीचा समुद्री रोबो आंग्रिया बँकेच्या प्रवाळांतून तिच्याशी थेट बोलतो. कथा जुलैत घडते. विज्ञान किती समजावून सांगू? (देवगड)

उत्तर : आधी चुका काढू. आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं पठार किनाऱ्यापासून सुमारे 105 किलोमीटर. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात जवळजवळ लगेच विरतात, त्यामुळे पाण्याखाली जीपीएस नाही आणि मोबाइलही नाही. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. एवढं अंतर कापायला त्याला 70 सेकंद लागतील, पण ध्वनी-मोडेमचा (आवाजातून निरोप पाठवणाऱ्या यंत्राचा) पल्ला काही किलोमीटरच असतो. थेट बोलणं गेलं.

रोबो म्हणून ग्लायडर घ्या. त्याला पंखा नसतो. पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकललं की आकारमान वाढून तो वर येतो, आत घेतलं की बुडतो. बाजूच्या पंखांमुळे वर-खाली जाताना पुढेही सरकतो. वेग सेकंदाला पाव मीटर धरा: आंग्रियाला पोचायला पाच दिवस. वर आल्यावर शेपटीतल्या अँटेनाने उपग्रहाशी बोलतो, तेवढाच संपर्क.

जुलैत मात्र तो वाघोटन नदीच्या मुखाशी सोडू नका. ग्लायडर 60 किलोचा असेल, तर समुद्राच्या पाण्यातून निव्वळ गोड्या पाण्यात आल्यावर तरंगायला त्याला सुमारे दीड लिटर जास्त आकारमान लागेल. त्याचा पंप हलवतो जेमतेम अर्धा लिटर. पुराच्या निमखाऱ्या थराखाली तो अडकेल, वर येण्याचा हुकूम पाळायला धडपडेल आणि अँटेना पाण्याबाहेर निघणारच नाही. आणायला जायचं तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. कथा ऑक्टोबरात न्या. किंवा जुलैतच ठेवा आणि त्या थराखाली त्याला अडकू द्या. आम्हाला दुसरी जास्त आवडेल.

समजावण्याबद्दल. तुम्ही लिहिलं आहे: ‘ग्लायडर हे उत्प्लावकतेच्या तत्त्वावर चालणारं स्वयंचलित उपकरण असून...’ त्याऐवजी असं करून पाहा: ‘तिने शेपटी ओल्या फडक्याने पुसली. आत पंप घरघरला, तेल पोटात शिरलं, पिवळं नाक पाण्याखाली गेलं. आता 3 तास त्याच्याकडून काही कळणार नव्हतं.’ तत्त्व तेच आहे, पण आता वाट कुणीतरी पाहतं आहे.

खर्डा झाला की दोघांना वाचायला द्या. होडी चालवणाऱ्याला विचारा, कुठे चुकलं. विज्ञानाशी संबंध नसलेल्याला विचारा, हे यंत्र काय करू शकत नाही. दुसऱ्याला सांगता आलं नाही, तर पहिली तीन पानं पुन्हा लिहा.