मॅडम, राजीनामा आधी देऊ नका

मॅडम,

तुमचा मजकूर दोनदा वाचला. सांगलीजवळच्या अनुदानित शाळेत चौदा वर्षं गणित, मिस्टर पतसंस्थेत, मुलगी चौथीत, सासऱ्यांचं डायलिसिस सुरू, शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी होऊन दोन वर्षं झालेली. तुम्ही विचारताय : इंग्लंडला शिकवायला यावं का, घरचं कसं होईल आणि पीएच.डी.चं काय. मी बार्शीत सतरा वर्षं गणित शिकवून जानेवारी २०२४ मध्ये कॉव्हेंट्रीला आलो. त्यामुळे जे सांगतोय ते एका माणसाचं, एका शाळेतलं आहे.

आधी कागदांचं उरकतो. २०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना इथल्या शिक्षक-मान्यतेसाठी, म्हणजे क्यूटीएससाठी, थेट सरकारी साइटवर अर्ज करता येतो. पदवी, बी.एड., त्यानंतर किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव आणि शिकवायला पात्र असल्याचं पत्र लागतं. अर्जाला फी नाही. पुण्यात एका एजंटाने मला याच कामाचे सव्वा लाख सांगितले होते. नोकऱ्याही सरकारच्या ‘टीचिंग व्हेकन्सीज’वर दिसतात, फक्त त्या शाळेकडे परदेशी शिक्षक घेण्याचा परवाना आहे का ते आधी मेल करून विचारा. निम्म्या शाळा तिथेच गळतात.

आता पगार. लंडनबाहेर सुरुवातीची पायरी सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. कर, विमा, पेन्शन कापून महिन्याला २,१०० च्या आसपास हातात येतात. त्यातले १,०५० माझ्या घरभाड्यात जातात. तुमचा चौदा वर्षांचा अनुभव कोणत्या पायरीवर धरायचा ते शाळा ठरवते. ऑफर तोंडी आली की होकार देण्याआधी तेव्हाच बोला. मी संकोचलो आणि खालच्या पायरीवर बसलो. शिवाय व्हिसासोबत आरोग्य अधिभार, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, आधीच, एकरकमी भरावा लागतो : मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तुम्हा तिघांचा तीन वर्षांचा हिशेब ८,५३८ पौंड, म्हणजे दहा लाखांच्या घरात. तुम्हीच गणिताच्या, जास्त काय सांगू. काही शाळा स्वतः नेमलेल्या शिक्षकापुरता खर्च उचलतात, कुटुंबाचा नाही.

पण तुमचा खरा प्रश्न कामाचा आहे. बार्शीत माझ्या वर्गात ६८ मुलं असायची. मी वर्गात शिरलो की उठून उभी राहायची. इथे तीस असतात, आणि पहिल्या शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सर, तुम्ही काय बोलताय ते कळत नाही.’ उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. माझे उच्चार, माझा वेग, सगळंच. सतरा वर्षांचे ‘सर’ त्या तासाला नवशिके झाले. पहिली दोन टर्म दर आठवड्याला कोणीतरी मागे बसून माझा तास बघायचं आणि नंतर प्रेमाने चुका सांगायचं. सांगणारी मुलगी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हे झेपेल का, याचा विचार पगाराच्या आधी करा.

एक गोष्ट मात्र इथे येऊनच कळली. प्रत्येक मुलाकडे पाटीएवढा पांढरा बोर्ड असतो. प्रश्न टाकायचा, मुलं लिहितात, ‘दाखवा’ म्हटलं की तीस बोर्ड एकदम वर. मी अपूर्णांकांची बेरीज विचारली, १/२ अधिक १/३. बारा बोर्डांवर ५/६ ऐवजी २/५. बार्शीत मी पुढच्या बाकावरच्या तिघांना विचारून ‘समजलं ना’ म्हणायचो आणि पुढे जायचो. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ गप्प होतो. मागच्या बाकांवर किती वर्षं २/५ बसलेलं असेल!

अशैक्षणिक कामं इथेही आहेत, फक्त जनगणनेऐवजी ईमेल आणि वर्तनाच्या नोंदी. वर्षाचे १,२६५ तास मुख्याध्यापक सांगतील ते काम, आणि तासांची तयारी, वह्यांची तपासणी याला शिकवण्याच्या वेळेतला किमान दहा टक्के वेळ, असा नियम आहे. तपासणी त्यात मावत नाही. रविवारची दुपार जाते.

घरचं सांगतो, आणि इथे मी तुम्हाला धीर देणार नाही. माझी बायको बँकेत क्लार्क होती. इथे पहिलं वर्ष तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं लावली. आता ती वर्गात मदतनीस आहे, पगार फक्त शाळा चालू असलेल्या आठवड्यांचा. ती तक्रार करत नाही, पण तिच्या बँकेतल्या मैत्रिणीला बढती मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेलो. मिस्टरांशी ‘तिकडे काहीतरी मिळेल’ एवढ्यावर बोलणं थांबवू नका. ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते नीट बोला.

आणि सासरे. शिक्षकाला इथे टर्म चालू असताना सुट्टी जवळजवळ नाहीच. नोव्हेंबरात आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मला पाच दिवस मिळाले, त्यातले तीन बिनपगारी. दोन दिवस प्रवासात गेले. सोलापूरच्या दवाखान्यात मी तीन दिवस तिच्याजवळ बसलो आणि चौथ्या दिवशी भावावर सोडून निघालो. भाऊ काही बोलला नाही. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असतं, तेव्हा त्या वारांना कोण नेणार त्याचं नाव आत्ताच ठरवा.

मुलीची काळजी सोडा. पहिले तीन महिने ती रडेल, नंतर तुम्ही मराठीत विचाराल आणि ती इंग्रजीत उत्तर देईल. तेव्हा रडायची पाळी तुमची.

पीएच.डी.बद्दल स्पष्ट सांगतो : इथल्या पहिल्या दोन वर्षांत ती होणार नाही. दोन वर्षं त्यात घातलीत, काम अर्ध्यावर असेल तर आधी प्रबंध सादर करा. मलाही अपूर्णांकांवर मुलांसाठी पुस्तिका लिहायची होती. वही आहे, अकरा पानं झालीत.

यायचंच ठरलं, तर राजीनामा न देता संस्थेकडे बिनपगारी रजा मागा. नाही म्हणतील बहुधा, पण लेखी मागा. सप्टेंबरपासून सुरू होणाऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती मार्च ते मे जास्त निघतात. तोवर पदवी इंग्रजीतून झाल्याचं पत्र विद्यापीठातून काढून ठेवा, नाहीतर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मला त्या एका पत्रासाठी सोलापूरला चार खेपा पडल्या, आणि चौथ्या खेपेला शिक्का मारायचा राहिला होता.