परत येणाऱ्या जोडाचा हिशोब

प्रिय बाळ,

आशीर्वाद. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकण्यासाठी तू पाठवलेला खर्चाचा कागद वाचला. दीड लाखातले 60,000 वेबसाईटला, 25,000 लोगो आणि फोटोंना, 50,000 चा माल, उरलेले 15,000 जाहिरातीला. शिल्लक काही नाही. विकलेली चप्पल परतही येते, याची नोंद या कागदावर कुठंच दिसली नाही. कोल्हापुरी ऑनलाइन विकणाऱ्याचा पैसा बहुतेक वेळा तिथंच जातो, म्हणून आधी तेवढंच बोलतो.

एका जोडाचा हिशोब मांड. तू विक्रीची किंमत 1,200 धरली आहेस आणि कारागिराचा भाव 650. डबा, कागद, टेप मिळून 40. कुरिअर 90. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुझ्या खात्यात आणून देणारा, साधारण 2 टक्के घेतो आणि त्याच्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 28. चपलेवरचा 5 टक्के जीएसटी तुझ्या 1,200 मध्येच आहे, तो 57. एक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीचे 150 धर. सुरुवातीला यापेक्षा जास्तच लागतील. बेरीज 1,015. हातात राहिले 185.

आता दहा पार्सलं पाठवलीस आणि दोन परत आली असं समज. परत आलेल्या प्रत्येकाचं जायचं भाडं 90, यायचं 90, चेपलेला डबा 40 आणि जाहिरातीचे 150 गेले, एकूण 370. आठ जोडांचे 1,480 मिळाले, परत आलेल्या दोन जोडांनी 740 खाल्ले. तीन परत आले तर दहा पार्सलांमागे फक्त 185 उरतात. चार आले तर तू खिशातून 370 घालतेस. यात कॅश ऑन डिलिव्हरीचा वेगळा आकार धरलेलाच नाही, आणि परत आलेला जोड कोणी घरात फरशीवर चार पावलं चालून बघितला असेल तर तळ घासलेला असतो, तो नवा म्हणून विकता येत नाही.

चपला परत येतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे माप. कोल्हापुरी सुरुवातीला घट्ट बसते आणि वापरून सैल होते, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला नसतं. तो घालून बघतो आणि 'एक नंबर मोठा द्या' म्हणतो. त्यामुळे नुसता 7-8-9 असा पर्याय देऊ नकोस. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, फोटो पाठवा, असं सांग. कटकट वाटेल, काही जण निघूनही जातील. जाऊ देत, त्यातल्या बऱ्याच जणांचा जोड परत आला असता. दुसरं कारण कॅश ऑन डिलिव्हरी. पैसे दिलेले नसले की दारात आलेलं पार्सल 'नको' म्हणायला काही लागत नाही. आधी पैसे भरणाऱ्याला 50 रुपये सूट दे, आणि कॅशवाल्याला माल काढण्याआधी एक फोन कर.

मालाचं बघू. चार डिझाईन, दोन रंग, पाच मापं असं तू लिहिलं आहेस. हे 40 प्रकार झाले. प्रत्येकी तीन जोड ठेवायचे तर 120 जोड, म्हणजे 78,000. तुझ्या 50,000 त बसतच नाही. आणि खरा त्रास पुढं आहे: 8 नंबर पहिल्या पंधरवड्यात संपतो, 6 आणि 10 पडून राहतात. कापशी एक आणि एखादी हलकी, रोजच्या वापराची, अशी दोनच डिझाईन घे, रंग एकच, नैसर्गिक. 6 चे दोन जोड, 7 चे चार, 8 चे पाच, 9 चे चार, 10 चे दोन. दोन्ही मिळून 34 जोड, 22,100 रुपये. वेबसाईट रिकामी दिसेल म्हणून माल वाढवू नकोस.

डब्याचं तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. कुरिअरवाला चपलेचं वजन आणि डब्याचं आकारमान, दोन्ही बघतो आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण 5,000 नं भागतात. तू पाठवलेल्या फोटोतला डबा 32 × 24 × 12 चा. तो 1.84 किलो भरतो, म्हणजे 2 किलोचा दर, आत चप्पल मात्र पाऊण किलोचीही नाही. जोड एकमेकांवर उलटसुलट ठेवून 30 × 13 × 11 चा डबा करून घेतलास तर 0.86 किलो, 1 किलोचा दर. वरच्या हिशोबातले 90 रुपये या छोट्या डब्याचे आहेत.

कागदपत्रांत फार अडकू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते; तिचे पैसे मागणारी साईट दिसली की बंद कर. स्वतःच्या वेबसाईटवरून महाराष्ट्राबाहेर विकायचं असेल तर वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी नको, ही मर्यादा तुझ्या कामाची नाही, जीएसटी नोंदणी पहिल्या जोडापासून लागते. हातकामाच्या काही वस्तूंना सवलत आहे, तुझा माल तिच्यात बसतो का ते सीएला विचारून घे. डब्यावर आणि साईटवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी नंबर हवा. स्वतःच्या ब्रँडनावाचा ट्रेडमार्क एका वर्गाला 4,500 रुपयांत होतो, पण पहिल्या वर्षी नाही केलास तरी चालेल. 'कोल्हापुरी' हे नाव मात्र 2019 पासून जीआयखाली, म्हणजे भौगोलिक मानांकनाखाली आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. मशीनवरची रेक्झिनची चप्पल या नावानं विकायची नाही. अथणी-निपाणीचा माल घेतलास तर त्यात कमीपणा नाही, तिथला आहे असं सरळ लिही. 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर इटलीच्या प्राडा कंपनीनं आपल्यासारख्या चपला आणल्या तेव्हा कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत सगळे ऑनलाइनच्याच गोष्टी करत होते. त्या गाजावाजातून तुझं कुरिअरचं बिल भरलं जाणार नाही.

जूनमध्ये सुरू करायचं म्हणतेस, ते मला पटत नाही. पावसात कातडं नीट वाळत नाही, कारागिराचा हात मंदावतो, गिऱ्हाईक कोल्हापुरी घेत नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या मालाला बुरशी येते. नवरात्राच्या आधी माल हातात येईल, असं धर. त्यासाठी कारागिराला गणपतीच्या आधीच उचल द्यावी लागेल, कारण दिवाळीचं काम तो तेव्हाच घेऊन बसतो. उचल आधी जाणार, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरिअरवाला आठवड्या-दहा दिवसांनी जमा करणार. या मधल्या दिवसांत दुसरा माल उचलायला खेळतं भांडवल लागतं. दीड लाखातले किमान 60,000 याच्यासाठी बाजूला काढ आणि ते वेगळ्या खात्यात ठेव, नाहीतर जाहिरातीत जातील.

वेबसाईटचे 60,000 सध्या कुणाला देऊ नकोस. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, इन्स्टाग्राम आणि पेमेंट लिंक यावर 34 जोड विकता येतात. फोटो सकाळच्या उन्हात फोनवर काढ. वेणी आणि शिवण जवळून दिसली पाहिजे, तळाचाही एक हवा. डोमेन तेवढं आताच घेऊन ठेव, वर्षाला हजाराच्या आतबाहेर. पहिले 50 जोड गेले, त्यातले किती आणि कशामुळे परत आले हे वहीत आलं, की मग वेबसाईटवाल्याशी बोल. तेव्हा मापाचं पान कसं हवं हे तूच त्याला सांगशील.

रविवारी सुभाषनगरात येशील तेव्हा दोन्ही डिझाईनचे 9 नंबरचे जोड कारागिराला काढायला सांगून ठेवतो. मोजपट्टी आण, डबेवाल्याकडं तिथूनच जाऊ.

तुझा,
काका