मोठीचं नाव ऋजुता, मग धाकट्याचं काय?

प्रश्न : थोरल्याचं नाव आरव. आता पुन्हा दिवस गेलेत. मुलगी झाली तर 'आरवी', मुलगा झाला तर 'आरुष', असं सासूबाईंनी ठरवूनही टाकलंय. जोडी छान जमते म्हणतात. मला मनातून पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. (सुदामानगर, इंदूर)

का ते मी सांगते. घरात पूर्ण नावानं हाक कोण मारतं? आरवचा 'आरू' झालाच असेल. आरवीचीही आरूच होणार, आरुषचाही. मग 'मोठा आरू' आणि 'छोटा आरू' सुरू होतं, आणि धाकट्याला जन्मभर कुणाच्या तरी नावाचा उरलेला तुकडा मिळतो.

शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यातली एक आठवण अजून जात नाही. अर्णव सातवीत, त्याची बहीण अर्णवी पाचवीत. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी, म्हणजे भावंडांमध्ये वेगळं असतं ते फक्त पहिलं नाव. तेही एका वेलांटीनं वेगळं! निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकांची अदलाबदल झाली. ती पोर दाराशी उभी राहून रडकुंडीला आली होती, "बाई, हे दादाचं आहे. माझं कुठंय?" तिचा तो 'माझं कुठंय' मला फार लागला.

जोडी जमवायला यमक लागत नाही. आपल्याच इंदुरात 1929 साली मंगेशकरांच्या घरी मुलगी झाली. तिचं पहिलं नाव हेमा, पुढे वडिलांच्या नाटकातल्या लतिकेवरून लता झालं. आता चौघी बहिणींची नावं ओळीनं म्हणून पाहा : लता, मीना, आशा, उषा. सगळी दोन अक्षरांची, सगळ्यांच्या शेवटी 'आ'. एका घरातली आहेत हे लगेच कळतं, पण हाक मारली तर चुकीची मुलगी उठून येणार नाही, कारण सुरुवात प्रत्येकीची निराळी. भावाचं नाव हृदयनाथ, ते वडिलांच्या दीनानाथाशी जुळलेलं.

आरव म्हणजे आवाज, नाद. (हल्ली याचा अर्थ 'शांत' असा सर्रास लिहिलेला दिसतो, तो चुकीचा आहे. रव म्हणजे ध्वनी.) तेव्हा मुलगी झाली तर स्वरा, मुलगा झाला तर निनाद. सासूबाईंना सांगा, जोडी अर्थानं जमवली आहे. मला वाटतं, त्यांना आवडेल.

प्रश्न : मुलीचं नाव हौसेनं ऋजुता ठेवलं. इथे शाळेत, शेजारी, सगळीकडे ती 'रिजुता' झाली आहे. दुसऱ्या बाळासाठी पुन्हा असंच अस्सल नाव ठेवावं की सोपं? (लोकमान्यनगर, इंदूर)

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या नावाचा हा खरा प्रश्न आहे. आपण ऋ 'रु' म्हणतो, हिंदीत तो 'रि' होतो. आपला ज्ञ 'द्न्य', त्यांचा 'ग्य', म्हणून आपला ज्ञानेश इथे ग्यानेश. ळ तर प्रमाण हिंदीत नाहीच, त्याचा ल होतो. यात कुणाची चूक नाही, त्यांच्या जिभेला तेच वळण आहे. पण मुलाला दिवसातून वीस वेळा आपलं नाव दुरुस्त करावं लागतं. आणि इंग्रजीत लिहिताना आपण यू घालतो, कारकून आय घालतो, की एकाच मुलीची दोन कागदांवर दोन नावं होतात. ऋजुताच्या सगळ्या कागदांवरचं स्पेलिंग या आठवड्यात एकदा तपासून घ्या.

धाकट्यासाठी माझ्या मनात एक नाव आहे, ते सुचलं तेव्हा मलाच फार आनंद झाला. ऋजु म्हणजे सरळ, आणि ऋजूचा जो भाव तो आर्जव. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत पहिल्याच श्लोकात हा शब्द येतो. मूळ एकच, म्हणजे सख्खी भावंडंच. पण कानाला दोन्ही नावं अगदी वेगळी, आणि 'आर्जव' हिंदी माणूसही न अडखळता म्हणतो. मराठीत आर्जव म्हणजे विनवणी असंही आहे, तेव्हा एखादे काका हसतील. हसू द्या, श्लोक म्हणून दाखवा. मुलगी झाली तर प्रांजल. आपण एरवी प्रांजळ म्हणतो, पण इथे ळ नकोच.

प्रश्न : मुलगी मुक्ता. मुलगा झाला तर ज्ञानदेव-मुक्ताईच्या परंपरेतलं नाव हवं, पण सोपान आणि निवृत्ती जुनी वाटतात. (रामबाग, इंदूर)

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. चार नावांत एकही अक्षर मुद्दाम जुळवलेलं नाही, पण अर्थ पायरी पायरीनं वर जातो, आणि सोपान म्हणजे तर जिनाच. भावंडांची याहून सुंदर नावं मला माहीत नाहीत. सोपान जुनं वाटतं कारण वर्गात कुणाचं नसतं. मला तोच त्याचा गुण वाटतो.

तरी नको असेल तर मल्हार. अहिल्याबाईंच्या मुलीचं नाव मुक्ताबाई, तिच्या थोरल्या भावाचं मालेराव आणि आजोबांचं मल्हारराव. इंदूरच्या मुक्ताला मल्हार भाऊ शोभेल. म दोन्हीकडे आहे, पण मुक्ता आ-वर थांबते आणि मल्हार र-वर, त्यामुळे हाकेत गोंधळ नाही.

प्रश्न : मोठी स्वरा. धाकट्याचं नक्षत्र आर्द्रा, अक्षरं कू, घ, ङ, छ. काय ठेवणार? (पलासिया, इंदूर)

ङ वरून नाव सुचवणं मलाही शक्य नाही! सत्तावीस नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणं, अशी ही एकशे आठ अक्षरं, त्यात काही अडचणीची असायचीच. रासनाव पत्रिकेत लिहा, संकल्पाला वापरा. हाकेचं नाव वेगळं ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. स्वराला ईशान साजेल.

प्रश्न : नावावर एकमतच होत नाहीये. नोंदणीचं काय? (राजवाडा परिसर, इंदूर)

जन्माची नोंद 21 दिवसांत करा, ती नावाशिवायही होते. पुढे 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. नाव घालताना थोरल्याचा दाखला समोर ठेवा. वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही दाखल्यांवर अक्षरशः सारखं हवं.

प्रश्न : सहा वर्षांचा ईशान बाळाचं नाव 'डोरेमॉन'च ठेवायचं म्हणून अडून बसलाय. (वैशालीनगर, इंदूर)

त्याला नाही म्हणू नका. तुम्हा दोघांना पसंत अशी तीन नावं काढा आणि त्यातलं एक त्याला निवडू द्या. डोरेमॉन हे त्याचं एकट्याचं, लाडाचं नाव राहू दे.

आणि बारशाला एक करा. शेजारच्या बारशाला मी पाहिलंय. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र्र करून नाव सांगितलं, पाठीत बुक्के खाल्ले, बायका पाळणा म्हणू लागल्या. पाच वर्षांची ताई मात्र पाळण्याची दोरी धरून तशीच उभी. मग आत्यानं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता तू सांग." तिनं वाकून बाळाच्या कानाला तोंड लावलं. काय सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.