पीएचडीसाठी एकर विकावं का?

प्रश्न : मी 26 वर्षांचा, दारव्हा तालुक्यातला. एम.एस्सी. प्राणिशास्त्र झालं. दोन वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवतो. तास असले की महिन्याला 14 हजारांच्या आसपास पडतात, उन्हाळ्यात काहीच नाही. अमरावती विद्यापीठातले एक गाइड मला घ्यायला तयार आहेत. नेट-सेट नाही, फेलोशिप नाही. बाबा म्हणतात, पाचातलं एक एकर विकू, नऊ लाख येतील. दुसरीकडे बियाणे कंपनीत 22 हजारांची फील्डची नोकरी मिळते आहे. प्राध्यापक व्हायचंय, नावापुढे डॉक्टर लागेल, घरी बसण्यापेक्षा बरं, आणि 2017 ला बोंडअळीनं आमची पऱ्हाटी गेली तेव्हापासून त्या अळीवर काम करायचं मनात आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, एकर विकू नका. पीएचडी सोडा, असं मात्र मी म्हणत नाही.

तुम्ही चार कारणं एका दमात सांगितलीत, पण चारींसाठी सारखेच पैसे मोजायचे नसतात. प्राध्यापकीचं आधी बघू. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाला नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्याची) यांपैकी एक पात्रता परीक्षा एवढी किमान पात्रता पुरते, पीएचडी सक्तीची नाही. ती पुढे बढतीच्या वेळी लागते. म्हणजे अर्ज करण्यापुरतं तुमचं काम एका परीक्षेवर अडलंय. कायम जागा लागली तर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 आहे, पण अशा जागा किती निघतात हे तुम्ही कॉलेजात रोज पाहता. आणि एकराचे पैसे पुढे कुठल्या संस्थेला ‘देणगी’ म्हणून द्यायचा विचार घरात असेल, तर तो आजच मोडा. त्या पैशाला पावती नसते.

‘घरी बसण्यापेक्षा बरं’ हे कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मला सगळ्यात जास्त दिसतं, आणि मला त्याचीच काळजी वाटते. गावात कोणी विचारलं, ‘पोरगं काय करून राह्यलं?’ तर पीएचडी हे मानाचं उत्तर आहे. पण त्या उत्तराची किंमत मोजा. 22 हजारांप्रमाणे पाच वर्षांचे 13 लाख 20 हजार होतात, ते सोडावे लागतील. खोली-मेस नोकरीतही लागलीच असती, ती धरत नाही. फी, प्रवास, प्रयोगशाळेतला खर्च वेगळा. म्हणजे एकराचे नऊ लाख जातील ते या 13 लाखांच्या वर.

बाबांना पेन्शन नाही. ते पाच एकरच त्यांचं म्हातारपण आहे. गावातली शेतजमीन विकली तर बहुधा कर लागत नाही, त्यामुळे विकणं सोपं वाटतं. परत घ्यायला गेलं की कळतं.

बोंडअळीचं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत. माझ्या मते पाच वर्षं देण्याजोगं तेवढं एकच कारण आहे. गुलाबी अळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून फवारणी पोचत नाही, बीटी कपाशीला ती दाद देत नाही, आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही शेतात उभी कपाशी, ठेवली की पुढच्या हंगामापर्यंत जगते. हे ज्याच्या घरात घडलं तो पोरगा त्यावर चिकाटीनं काम करेल. पण ते फेलोशिपवर करा. सीएसआयआर-नेटमधून, म्हणजे विज्ञान विषयांच्या नेटमधून, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, पुढची तीन वर्षं 42 हजार. पाच वर्षांचे 24 लाख, घरभाडं वेगळं. कंपनीच्या पगारापेक्षा जास्तच.

तेव्हा कंपनीची नोकरी घ्या. कामगंध सापळे (गंधानं नर पतंग पकडणारे) कुठे लागतात, फरदड कोण ठेवतो, का ठेवतो, हे गावोगाव फिरून दिसेल ते वहीत लिहा; पुढे विषय मांडताना तेच कामी येईल. नेट वर्षातून दोनदा होते, दोन्ही वेळा बसा, सेटही द्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत प्रकल्पावरच्या कंत्राटी जागा निघतात, त्यांच्या जाहिराती पाहत राहा. पगार घेत संशोधनाचं काम कसं असतं ते कळेल.

गाइडना मोकळेपणानं सांगा की वर्षभर थांबतोय. पीएचडीची नोंदणी झाली की सहा वर्षांची मुदत सुरू होते, म्हणून पैशाची सोय नसताना घाई नको. महाज्योती, बार्टी, सारथी या वेगवेगळ्या समाजगटांना फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी ज्यात बसत असाल तिथे आधी पीएचडीची नोंदणी लागते आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे एकट्या त्या आशेवर राहू नका.

22 हजारांतून महिन्याला सहा हजार बाजूला टाका. वर्षाचे 72 हजार होतील. फेलोशिपचे पहिले हप्ते रखडले तरी अमरावतीतली खोली आणि मेस तेवढ्यात निघते.