वाचकांचे प्रश्न : रेषेवरचा शिक्का कोणाचा?

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या मागील निवडणुकीत आमच्या वॉर्डात अटीतटीची लढत झाली. मोजणीत दोन चिन्हांमधल्या जागेत शिक्का पडलेल्या काही मतपत्रिका निघाल्या. एका पॅनेलचे प्रतिनिधी सकाळी ज्या शिक्क्याला बाद ठरवा म्हणत होते, तशाच शिक्क्याला दुपारी, आपला उमेदवार मागे पडताच, वैध धरा म्हणून हट्ट करू लागले. अशा मतपत्रिकांचा निर्णय कोणत्या आधारावर होतो? पुढच्या खेपेस मोजणीला मी बसणार आहे.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : निर्णय निवडणूक अधिकाऱ्याचा असतो. बाद होऊ घातलेली मतपत्रिका पाहण्याची वाजवी संधी प्रतिनिधीला मिळते, मात्र तिला हात लावता येत नाही. लोकसभा व विधानसभेसाठी असलेल्या १९६१ च्या निवडणूक नियमांतील ५६ व्या नियमात मत बाद करण्याची कारणे दिली आहेत : मतदाराची ओळख पटेल अशी खूण असणे, शिक्काच नसणे, दिलेल्या साधनाऐवजी दुसऱ्याच कशाने खूण केलेली असणे, मत कोणाला हे संशयास्पद राहणे, इत्यादी. पंचायतीचे नियम साधारण याच धर्तीचे आहेत. त्याच नियमातील दुसरी बाजू मात्र टेबलावर कोणी सांगत नाही : शिक्का पुसट आहे किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा उमटला आहे एवढ्याच कारणाने, मतदाराचा हेतू स्पष्ट असताना, मत बाद करता येत नाही.

तुमच्या प्रश्नातील शिक्क्याबाबत प्रचलित रीत अशी आहे की, शिक्क्याचा काही भाग एका उमेदवाराच्या रकान्यात आणि उरलेला मधल्या रिकाम्या पट्ट्यात असेल, तर मत त्या उमेदवाराचे. शिक्का संपूर्ण पट्ट्यातच असेल किंवा दोन्ही रकान्यांत विभागला जाऊन संशय निर्माण होत असेल, तर ते बाद. घडी घातल्यामुळे ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटते, त्यावरूनही हमखास भांडण होते. बाणफुलीच्या शिक्क्याचे बाण एकाच दिशेने वळलेले असतात ते याचसाठी. उमटलेला ठसा उलटा दिसतो आणि मूळ शिक्का ओळखता येतो. ज्या वॉर्डात एकाहून अधिक जागा असतात, तेथे मतदाराला तितकी मते देता येतात. म्हणून तेथे दोन शिक्के दिसले की मत बाद, असा आरडाओरडा करणाऱ्यांना आधी जागा मोजायला सांगावे.

आता मुद्दा पक्षपाताचा. ग्रामपंचायतीत पक्षचिन्हे नसतात, तरी महाराष्ट्र एकीकरण समितीचे पॅनेल कोणते आणि राष्ट्रीय पक्षांचे कोणते, हे कर्नाटकातील बेळगाव, खानापूर भागात लहान मुलालाही ठाऊक असते. आपला उमेदवार पुढे असला की कडक नियम आणि मागे पडला की उदार नियम, ही वृत्ती कोणत्याही एका बाजूची मक्तेदारी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २००८ च्या सिनेट निवडणुकीत पहिल्या मोजणीअखेर नॉर्म कोलमन २१५ मतांनी पुढे होते; फेरमोजणीत दोन्ही पक्षांनी हजारो मतपत्रिकांवर हरकती घेतल्या आणि त्यांतील बहुतेक पुढे स्वतःच मागे घेतल्या. उरलेल्या मतपत्रिका पाच सदस्यांच्या मंडळाने सर्वांसमोर तपासल्या आणि न्यायालयीन लढाईनंतर त्यांचे प्रतिस्पर्धी अल फ्रँकन ३१२ मतांनी निवडून आले. आपल्याकडे चंडीगडच्या महापौर निवडणुकीत जानेवारी २०२४ मध्ये पीठासीन अधिकाऱ्यानेच ८ मतपत्रिका बाद ठरवून निकाल फिरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरून आम आदमी पक्षाचे उमेदवार कुलदीप कुमार यांना विजयी घोषित केले.

म्हणून पहिली मतपत्रिका उलगडण्यापूर्वीच अधिकाऱ्याला विचारावे की पट्ट्यातील आणि घडीतील शिक्क्यांना कोणता निकष लावणार, आणि सर्व पॅनेलांच्या प्रतिनिधींसमक्ष त्याची नोंद ठेवावी. बाद मतपत्रिकेवर कारण लिहिले जाते की नाही ते पाहावे. ते बहुधा कन्नडमध्ये असते, तेव्हा कन्नड वाचणारा सहकारी सोबत असलेला बरा. फेरमोजणीचा अर्ज बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित होण्यापूर्वी, कारणांसह लेखी द्यावा. ‘आमचा विश्वास नाही’ एवढे कारण पुरत नाही. त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका. ग्रामपंचायतीसाठी ती निकालापासून ३० दिवसांत नियुक्त न्यायालयात दाखल करावी लागते, आणि बाद मतांमुळे निकालावर परिणाम झाला हे दाखवावे लागते.

प्रश्न : विधानसभेला मतदान यंत्रे असताना मतपत्रिकांचा वाद उरतोच कसा?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : टपाली मतांमुळे. बेंगळूरच्या जयनगर मतदारसंघात २०२३ मध्ये आधी बाद ठरवलेली टपाली मते पुन्हा तपासण्यावरून रात्री उशिरापर्यंत गोंधळ झाला आणि भाजपचे सी. के. राममूर्ती १६ मतांनी विजयी घोषित झाले. विधानसभेच्या निकालाविरुद्ध याचिका उच्च न्यायालयात, ४५ दिवसांत करावी लागते.