टॉकिंग हेड्स या अमेरिकी रॉक बँडचे गायक-गीतकार डेव्हिड बर्न म्हणतात तसं गाणं खरंच जागा पाहून घडतं का? गीतकाराला त्याचा काय उपयोग?

बर्न यांचं म्हणणं असं: आधी आतून काहीतरी उसळतं आणि मग त्याचं गाणं होतं, हा आपल्या डोक्यातला क्रम बऱ्याचदा उलटा असतो. गाणं कुठे वाजणार हे आधीच ठरलेलं असतं आणि रचणारा नकळत त्या जागेला मानवेल असं रचतो. २०१० च्या टेड व्याख्यानात आणि २०१२ च्या 'हाऊ म्युझिक वर्क्स' या पुस्तकात त्यांनी हे मांडलंय. म्हणजे भावना खोटी, असं नाही.

हिशेब करून पाहा. मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज चार-चार सेकंद घुमतो. तिथे मिनिटाला १२० ठोक्यांचा ताल धरला, तर पहिला ठोका विरेपर्यंत पुढचे आठ त्यावर चढतात. उरतो नुसता गलका. म्हणून तिथलं संगीत लांब स्वरांचं, सावकाश. उलट टॉकिंग हेड्स १९७५ पासून वाजायचे तो न्यूयॉर्कचा सीबीजीबी क्लब अरुंद आणि माणसांनी भरलेला. घुमारा नाहीच, त्यामुळे तालातलं बारीक काम आणि शब्द स्पष्ट कळायचे. (पोवाड्याला डफ का, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. उघड्या मैदानात आवाजाला भिंतीचा आधार नसतो.)

तेव्हा गाणार त्या खोलीत आधी एक जोरदार टाळी वाजवा. आवाज सेकंदभर रेंगाळला तर लय उतरवा, शब्द कमी करा, ओळीच्या शेवटी श्वासापुरती जागा सोडा. मात्र रिकामा हॉल भरलेल्या हॉलपेक्षा जास्त घुमतो. माणसं आणि कपडे आवाज शोषतात. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो हेडफोनवर भरपूर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) टाकून चाल बांधल्याने. हॉल स्वतःचा घुमारा वर घालतो आणि शब्द बुडतात.

गीतकाराच्या जास्त कामाची आहे ती टॉकिंग हेड्सच्या १९८० च्या 'रिमेन इन लाइट' या अल्बमची पद्धत. बहामातल्या नसाऊच्या स्टुडिओत कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) फारशी न बदलता छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवले, थरांवर थर चढवले. मग मिक्सरवर काही ट्रॅक बंद, काही चालू करून कडवं-धृपद वेगळं केलं. त्यावर बर्न निरर्थक अक्षरं गायचे आणि शब्द शोधायचे ते त्या अक्षरांच्या मापाचे.

मराठीत हे करायचं तर ठेका लावून दहा मिनिटं वाट्टेल ते बरळा आणि फोनवर रेकॉर्ड करा. त्यातल्या चांगल्या चार ओळी निवडा, अक्षरं मोजा, लघु-गुरू मांडा, ताणलेला स्वर अधोरेखित करा. मग शब्द बसवा. चालीवर शब्द लिहिणाऱ्यांना यात नवं काही नाही, पण दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, 'आ' वर ताणलेल्या जागी अर्थाच्या मोहाने 'ई'चा शब्द येतो आणि वरच्या पट्टीत गळा आवळतो. दुसरं, आपण 'वाट' लिहितो पण म्हणतो 'वाट्'. शेवटी धरायला स्वरच नाही. तिथे 'वाटा' किंवा 'वाटे' बसतं का पाहा. अर्थ हलत असेल तर ओळच बदला, 'वाट'ला ओढूनताणून 'वाटऽ' करू नका.

बर्न यांचा सिद्धान्त थोडा ताणलेला आहे असं मला वाटतं. याच अल्बममधले थर स्टुडिओत जन्मले, चौघांना ते मंचावर वाजवणं अशक्य होतं, म्हणून त्या वर्षी बँड नऊ जणांचा करावा लागला. गाणं एका जागेसाठी घडलं आणि दुसऱ्या जागेत वेगळं होऊन उभं राहिलं. शिवाय श्रेय कुणाचं किती यावरून निर्माते ब्रायन ईनो, बर्न आणि बाकी बँड यांच्यात कुरबुर झाली ती वेगळीच. चारचौघांत असं बरळून गाणं करणार असाल, तर नावं कशी लागणार हे रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी लिहून ठेवा.