अलास्काला छोट्या जहाजावरून प्राणी खरंच दिसतात का? आई-बाबांसाठी दुप्पट पैसे मोजावेत का?

दिसतात. मोजा पैसे. आमच्याकडे, बडोद्यात, हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचे धाकटे दीर मोठ्या जहाजाने जाऊन आले. त्यांचं म्हणणं, जहाज जितकं उंच तितकं लांबचं दिसतं; बाल्कनीत चहा घेत देवमासे बघावेत. वर आम्हाला टोमणा, "मगरी विश्वामित्रीत फुकट दिसतात, प्राण्यांसाठी एवढा खर्च कशाला?" अहो, पुलावर ताटकळत मगरी बघण्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना तरी कळायला हवं की जनावर बघायचं तर थांबावं लागतं. मोठं जहाज थांबत नाही. त्याला पुढचं बंदर वेळेवर गाठायचं असतं.

आमच्या कप्तानाने तर जेवण लांबवलं. अलास्काची राजधानी जूनो, तिच्या पुढे एके ठिकाणी सीगल गोळा होताना दिसले आणि त्याने इंजिन बंद केलं. पाण्यात माइक सोडला होता, त्याचा आवाज आत स्पीकरवर येत होता. तुतारीसारखा सूर चढत गेला आणि मध्येच तुटला. पाण्यावर बुडबुड्यांचं हिरवट कडं उमटलं, त्यात वीतभर हेरिंग मासे उड्या मारायला लागले आणि त्यांच्याखालून हंपबॅक जातीचे देवमासे जबडे वासून एकदम वर आले. गळ्याखालच्या वळ्या ताणून फुगलेल्या, वरच्या जबड्याला लोंबणारी झालर स्पष्ट दिसत होती. मग त्यांच्या श्वासाचा वास आला, सडक्या मासळीचा. ह्यांनी नाकाला रुमाल लावला, पण कठडा सोडला नाही. खालून बुडबुडे सोडले की हेरिंग तो पडदा ओलांडायला धजत नाहीत, घोळका करतात आणि आयतेच सापडतात. यातले बरेचसे देवमासे हिवाळा हवाईला काढतात, तिथे जवळजवळ उपाशीच असतात. म्हणून इथे खाण्यावर अशी झोड.

बाकी अस्वलं ओहोटीला किनाऱ्यावरचे दगड उलथताना दिसली. ग्लेशियर बेमधल्या साउथ मार्बल बेटावर सी लायनचा (सीलसारख्या प्राण्यांचा) गोंगाट आणि पफिन हे समुद्रपक्षी. ओर्का (काळे-पांढरे 'किलर व्हेल') काही दिसले नाहीत, त्यांची खात्री कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

जून ते ऑगस्टमध्ये पाठवा. रेनकोट चांगला द्या, तिथे पाऊस फार. देवमाशाच्या 100 यार्डांच्या आत जहाज नेता येत नाही, तेव्हा दुर्बीण हवीच. शाकाहारी असतील तर बुकिंगलाच कळवा.

हो, एक राहिलं. अशा बऱ्याच जहाजांवर लिफ्ट नसते, डॉक्टर नसतो, आणि किनाऱ्यावर जायच्या रबरी होडीत चढता-उतरताना गुडघ्यांचा कस लागतो. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर मोठंच जहाज बरं. (हे आमच्या भाऊजींपर्यंत जाऊ देऊ नका.)

त्यांच्या फोनमध्ये बाल्कनीतून काढलेली एक शेपटी आहे. मी झूम करून बघितली. ती लाट आहे.